नमुना कसा घेतलात?

प्रयोगशाळेच्या काउंटरवरच्या मॅडमनी बरणी हातात घेतली, उलटी करून तळ पाहिला, झाकणाभोवती बोट फिरवलं आणि विचारलं, "नमुना कसा घेतलात?"

कसा म्हणजे काय? मी म्हटलं, "चमच्याने."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून पीनट बटर करतो. तोवर माल ओळखीपाळखीतच जात होता. पहिल्यांदाच एका मोठ्या खरेदीदाराने मागणी केली आणि करारात प्रयोगशाळेच्या रिपोर्टची अट घातली. त्यासाठी आदल्या रात्री मी खास बरणी भरली होती. नवी कोरी, गरम पाण्याने धुऊन पुसलेली, आणि आत त्या बॅचमधला सगळ्यात मऊ, सगळ्यात चकचकीत भाग. वरचा थर चमच्याने सारखासुद्धा केला होता. परीक्षेला निघालेल्या पोराचा भांग पाडून द्यावा, तसा.

मॅडमनी बरणी माझ्याकडे परत सरकवली. "ताई, ही तुम्ही आमच्यासाठी भरलीय. गिऱ्हाइकाला जाते ती आणा. बॅच नंबर असलेली, सील न उघडलेली. आणि एक नको, आठ-दहा आणा, सगळ्या एकाच खोक्यातल्या नकोत."

जंतूंच्या तपासणीसाठी बरण्या वेगळ्या आणि रासायनिक तपासणीसाठी वेगळ्या. रसायनवाल्यांचा चमचा एकदा आत गेला की ती बरणी जंतूवाल्यांच्या कामाची राहत नाही. माझी धुऊन पुसलेली बरणी तर मुळातच बाद होती. ज्या फडक्याने पुसली त्यावर काय होतं, हे मला तरी कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी बरण्यांचं खोकं घेऊन गेले. आता फॉर्म. 'कोणत्या तपासण्या हव्यात' या रकान्यात मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'सर्व'. मॅडमनी पेनाने ते खोडलं. सर्व नावाची तपासणी नसते म्हणाल्या. "तुम्हाला भीती कशाची वाटते ते सांगा, त्यावरून ठरवू."

मला भीती एकच, माल खवट होण्याची. त्यांनी खवटपणा दाखवणाऱ्या दोन तपासण्या लिहिल्या, पेरॉक्साइड व्हॅल्यू आणि मुक्त स्निग्धाम्लं. "आणि?" आणि काही नाही. माझी यादी संपली होती. मग त्यांनी स्वतःहून दोन नावं घातली. अफ्लाटॉक्सिन आणि साल्मोनेला.

साल्मोनेलावर मी वाद घातला. पीनट बटरमध्ये पाणी जवळजवळ नसतंच, मग जंतू वाढणार कशावर? त्या म्हणाल्या, वाढत नाहीत, बरोबर आहे. पण मरतही नाहीत. वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे जंतूंना वापरता येईल असं किती पाणी आहे त्याचा आकडा, शुद्ध पाण्यासाठी १ असतो. साल्मोनेलाला वाढायला साधारण ०.९४ च्या वर लागतो. पीनट बटरचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. अशा कोरड्या, तेलकट जागेत हा जंतू महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो, आणि तिथे त्याला उष्णताही सहज मारू शकत नाही. शेंगदाणे भाजताना तो मेला असेलही; पण भाजल्यानंतर गिरणीपाशी, पंख्याच्या हवेत, कुणाच्या हातावरून पुन्हा आला, तर पुढे त्याला मारणारी एकही पायरी माझ्या कामात नव्हती. हा विचार मी कधी केलाच नव्हता. आमची गिरणी भाजायच्या भट्टीला लागून, आणि कच्च्या दाण्यांची पोती तिथून चार पावलांवर.

अफ्लाटॉक्सिनचं नाव ऐकून होते, एवढंच. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. रोग कळेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' असं नाव पडलं. शेवटी दोष निघाला खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष. बुरशीच्या नावातलीच अक्षरं उचलून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हटलं गेलं. यकृताचा कर्करोग घडवणारं म्हणून ते आज ओळखलं जातं. भाजल्याने थोडं कमी होतं, संपत नाही. बुरशी मरून जाते, विष मागे राहतं. त्यामुळे बुरसट वास न येणाऱ्या, दिसायला चांगल्या दाण्यातही ते असू शकतं.

आणखी एक गोष्ट तिथे शिकले, जी आधीच कुणी सांगायला हवी होती. भिंतीवर आयएसओ १७०२५ चं, म्हणजे प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, प्रमाणपत्र पाहून मी निश्चिंत झाले होते. पण ही मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. कोणत्या पदार्थात कोणती तपासणी, कोणत्या पद्धतीने, याची यादी त्यासोबत असते. यादीत नसलेली तपासणीही प्रयोगशाळा करून देते, फक्त त्या आकड्यांवर मान्यता नसते. मॅडमनी न मागता यादी उघडून अफ्लाटॉक्सिन आणि साल्मोनेला या दोन्ही तपासण्यांवर बोट ठेवलं. इतर ठिकाणी ती मागावी लागते, हे मला नंतर कळलं.

फॉर्मच्या तळाशी निर्णय कसा द्यायचा याबद्दल दोन चौकटी होत्या. काय लिहिलंय ते न वाचता मी पहिलीवर खूण केली आणि सही ठोकली. त्या खुणेकडे पुढे परत यायचंच आहे.

आत जायला मिळेल का, असं सहज विचारलं तर चक्क हो म्हणाले. पांढरा कोट, डोक्याला टोपी, पायांत प्लॅस्टिकचे मोजे. आत माझ्या बरण्यांवर माझं नाव नव्हतं, नुसता एक क्रमांक होता. काम करणाऱ्याला माल कुणाचा हे कळू नये म्हणून. जरा खट्टू झाले, खरं सांगते. इतक्या प्रेमाने बनवलेलं लेबल कागदाखाली गेलं होतं.

जंतूंचा विभाग काचेबाहेरून पाहायचा. आतल्या मुलाने पिशवीत २५ ग्रॅम बटर मोजून घेतलं आणि त्यावर २२५ मिलिलिटर पेप्टोन पाणी ओतलं. तेलाचे गोळे वर तरंगायला लागले. मग पिशवी यंत्रात घालून दोन पाट्यांमध्ये मळून काढली, सगळं दुधासारखं एकजीव होईपर्यंत. सोबतच्या सरांनी सांगितलं, की आज यातून काहीच दिसणार नाही. अन्नात साल्मोनेला असलाच तर मोजका असतो, आणि तोही अर्धमेला. त्याला थेट कडक माध्यमात टाकलं तर तो तिथेच संपेल आणि आम्ही 'नाही' म्हणून मोकळे होऊ. म्हणून आधी ३७ अंशांच्या आसपास १८ तास त्याला नुसतं खाऊपिऊ घालून सावरू द्यायचं. मग दोन वेगळ्या माध्यमांत, एक ४१.५ अंशांवर, तिथे इतर जंतू दबतात आणि हा वाढतो. मग प्लेटवर. मग शंका आली तर खात्रीच्या चाचण्या. या एका निकालाला पाच दिवस का लागतात, ते कळलं. मी रोज फोन करून "झालं का?" विचारायचा बेत केला होता, तो सोडला.

साल्मोनेला दिसतो कसा, हेही त्यांनी काचेतून दाखवलं. प्रत्येक वेळी खऱ्या नमुन्यांच्या जोडीला ते मुद्दाम जिवंत साल्मोनेलाची एक प्लेट लावतात. तीत वाढ दिसली नाही तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द. ती प्लेट त्या मुलाने काचेजवळ धरली. लालसर माध्यम, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके आणि प्रत्येकाच्या मधोमध काळा बिंदू. माशाचे डोळे. झाकण बंद होतं, मध्ये काच होती, तरी मी एक पाऊल मागे सरले.

अफ्लाटॉक्सिनची खोली त्यामानाने कंटाळवाणी. बटर मिथेनॉल आणि पाण्यात घुसळतात, गाळतात, आणि ते पाणी बोटाएवढ्या नळीतून थेंबथेंब सोडतात. त्या नळीत अफ्लाटॉक्सिनलाच पकडणारी प्रतिपिंडं असतात. बाकी सगळं वाहून जातं, विष अडकतं. मग मिथेनॉलने ते सोडवून एचपीएलसी यंत्रात, म्हणजे मिसळलेले घटक एकेक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात. पडद्यावर रेघ सरळ चालते आणि एकामागोमाग चार टोकं वर येतात, जी२, जी१, बी२, बी१. ही अक्षरं कुठून आली? अतिनील प्रकाशात बी निळा चमकतो आणि जी हिरवा, इंग्रजी रंगांची आद्याक्षरं. सगळ्यात घातक बी१ सगळ्यात शेवटी येतो. त्या दिवशी पडद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी नमुना होता आणि त्याची शेवटची टेकडी चांगली उंच होती. सर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. साल्मोनेला: २५ ग्रॅममध्ये आढळला नाही. इथे पेढे वाटायच्या आधी वाक्य पूर्ण वाचायचं असतं. आढळला नाही तो त्या २५ ग्रॅममध्ये. पेरॉक्साइड व्हॅल्यू उत्तम.

रिपोर्टात लेबलसाठीचे पोषणाचे आकडेही होते. त्यातल्या प्रथिनांवरून मात्र मी भांडायला गेले. माझ्या लेबलवर १०० ग्रॅमला २७.५ ग्रॅम होतं, त्यांनी २४ दिलं. तर भानगड अशी की प्रथिनं कुणी मोजतच नाही, नायट्रोजन मोजतात. १८८३ मध्ये केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने बसवलेली रीत. पदार्थ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, नायट्रोजनचा अमोनिया करून मोजायचा आणि एका ठरावीक आकड्याने गुणायचं. सरसकट सगळ्याला ६.२५ ने गुणतात, शेंगदाण्यासाठी ५.४६. नायट्रोजन तोच ४.४ टक्के, गुणक बदलला की साडेतीन ग्रॅम प्रथिनं गायब. यंत्राला नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही, म्हणूनच २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन कालवणाऱ्यांचं फावलं आणि लाखो बाळं आजारी पडली. तिथे नायट्रोजन भरपूर होता, प्रथिनं नव्हती. कर्बोदकं तर मोजतही नाहीत. बाकी सगळं १०० मधून वजा करून जे उरेल ते. मी लेबल बदललं.

आणि अफ्लाटॉक्सिन, एकूण: ९.४ ± २.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो. खरेदीदाराची मर्यादा १०. पुढे ठळक अक्षरांत 'पास'.

मी फोटो काढून जावेला पाठवला. तिचा फोन आला, "ताई, ते अधिक-वजा म्हणजे काय गं? म्हणजे साडेअकरासुद्धा असू शकतं ना?"

असू शकतं. मोजमापातली अनिश्चितता म्हणतात तिला. खरा आकडा ९५ टक्के खात्रीने ७.३ ते ११.५ च्या दरम्यान. मग पास कसं? तर मी न वाचता खूण केलेली ती चौकट. तीत लिहिलं होतं, अनिश्चितता न धरता निकाल द्यावा. दुसरी चौकट निवडली असती तर हाच आकडा 'पास' म्हणून छापला गेला नसता. शिवाय मर्यादाही जागोजागी वेगळ्या. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्याला कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा १५, अमेरिकेत २०, आणि युरोपीय संघात थेट खायच्या दाण्याला फक्त ४. माझं ९.४ एका दारात पाहुणं आणि दुसऱ्या दारात चोर.

मग मी जे केलं ते सांगायला फारसं बरं वाटत नाही. त्याच दाण्यांच्या, पण तीन दिवसांनी केलेल्या बॅचमधल्या बरण्या पाठवल्या. आकडा आला २.६. मी खूश. पहिला रिपोर्ट फायलीत खाली सरकवला आणि दुसरा खरेदीदाराला पाठवायच्या तयारीला लागले. प्रयोगशाळेकडून मूळ प्रत मागवायला फोन केला तर मॅडम नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, "देते. पहिल्याचं काय करणार आहात?"

२००८-०९ मध्ये अमेरिकेत पीनट बटरमधल्या साल्मोनेलाने ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली, नऊ जण गेले. ते प्रकरण मी मधल्या दिवसांत वाचलं होतं. तिथल्या कारखान्यात तपासण्या होत नव्हत्या असं नाही. होत होत्या. दोष निघाला की पुन्हा तपासायचं, चांगला निकाल आला की माल सोडायचा. कधी तर निकालाची वाटही न पाहता प्रमाणपत्र जोडायचं. वाचताना मी त्या लोकांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. फोन ठेवला तेव्हा तोंड कडू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, यातला खरा आकडा कोणता? सर म्हणाले, दोन्ही. आणि एका पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं, तो कागद अजून माझ्याकडे आहे. सगळे दाणे थोडे थोडे विषारी नसतात. हजारो दाणे अगदी स्वच्छ आणि एखादाच भयंकर. एका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमच्या वर विष सापडल्याच्या नोंदी आहेत. तसा दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला, तर त्यात ५०० मायक्रोग्रॅम. माझी बॅच ६० किलोची. ५०० भागिले ६०, म्हणजे ८.३. एका दाण्याने अख्खी बॅच ८.३ ने वर. माझ्या दोन रिपोर्टांमधला फरक होता ६.८.

"तुम्ही बरणी तपासताय," ते म्हणाले, "प्रश्न पोत्यात आहे."

मालाची चाळीस पोती होती, पन्नास किलोची एकेक. त्यांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक पोत्यातून अर्धा किलो, नुसता तोंडाशी हात घालून नव्हे, तर पोकळ लोखंडी नळी खुपसून वरून, मधून आणि तळातून. कठीण काहीच नाही, पण चाळीस पोती म्हणजे खालच्या थप्पीची पोतीही बाहेर काढणं आलं. जाऊ आणि मी सकाळी आठला लागलो ते दुपारी दोनपर्यंत. वरच्या पोत्यांचे दाणे खणखणीत. भिंतीकडच्या तळाच्या चार पोत्यांतून नळी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाशी थोडे सुरकुतलेले, करडट दाणे होते. जावेने ते बाजूला काढायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला. हेच करून तर आपण इथवर आलो होतो.

वीस किलो दाणे प्रयोगशाळेत दिले. मॅडमनी विचारायच्या आत मी सांगून टाकलं, की चाळीस पोती, प्रत्येकातून अर्धा किलो, तीन खोलींवरून, निवडून काढलेलं काही नाही. त्यांनी मान हलवून लिहून घेतलं. ते सगळेच्या सगळे वीस किलो दळून, पाण्यात कालवून लगदा केला आणि त्या लगद्यातून तपासणीचा भाग काढला. चाळीस हजारांच्या आसपास दाणे झाले असतील. त्यातला एक भयंकर असला तरी तो लगद्यात आलाच.

आकडा आला ३१.

दोन्ही बॅचेस अडवून ठेवल्या होत्या त्या नष्ट केल्या, खरेदीदाराला मुदत मागितली. ती त्याने दिली, कुरकुरत. मग दाणे देणाऱ्याला फोन केला. तो तापला नाही, उलट समजुतीच्या स्वरात म्हणाला, "मॅडम, कुठेतरी गफलत आहे. माझ्याकडे याच मालाचा रिपोर्ट आहे, पास आहे." आणि लगेच फोटो पाठवला.

जाऊ माझ्या खांद्यावरून वाकून निकालाचा आकडा शोधत होती. मी वरचा रकाना मोठा करून पाहिला. मिळालेला नमुना: २०० ग्रॅम, पाकीटबंद, ग्राहकाने आणून दिलेला.